वाचकांचे प्रश्न : बीफची पारख आणि आरोग्य

प्रश्न : आम्ही मूळचे वसईचे असून काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. गावी मांस ओळखीच्या खाटकाकडून येत असे. येथे सुपरमार्केटमधील पाकिटांतून निवड करावी लागते. माझे यजमान लालभडक तुकडा पसंत करतात, सासूबाई चरबी दिसली की पाकीट परत ठेवतात आणि मी 'ग्रास-फेड' किंवा 'ऑरगॅनिक' असे लिहिलेले महागडे पाकीट उचलते. सासऱ्यांचे कोलेस्टेरॉल वाढले असल्याने डॉक्टरांनी लाल मांस बेताने खाण्यास सांगितले आहे. आम्हा तिघांपैकी कोणाची पारख बरोबर आहे?

उत्तर : सासूबाईंची पारख सर्वांत जवळची आहे, पण तीही अर्धीच. आपल्या घरात जे घडते तेच युरोपभर घडते. फ्रान्स, जर्मनी, स्पेन आणि ब्रिटनमधील ग्राहकांशी गटचर्चा करून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बीफ आरोग्याला कितपत चांगले, याचा अंदाज लोक मुख्यतः रंग, दिसणारी चरबी, पाकिटावरील मजकूर आणि मांसावर किती प्रक्रिया झाली आहे यांवरून बांधतात, असे त्यातून दिसले. अडचण अशी की, ताजेपणा आणि चव यांचा थोडाफार अंदाज डोळ्यांना येतो, मात्र आरोग्यावरचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, आणि मग आपण एका गोष्टीची खूण दुसरीसाठी वापरू लागतो.

प्रथम रंगाविषयी. मांसातील मायोग्लोबिन या प्रथिनाला प्राणवायू मिळाला की मांस चमकदार लाल दिसते, प्राणवायू नसेल तर ते जांभळट राहते आणि काही दिवसांनी त्याच प्रथिनाचे ऑक्सिडीकरण होऊन ते तपकिरी होते. म्हणूनच हवा काढून घेतलेल्या पाकिटातील उत्तम तुकडा जांभळट दिसतो आणि खिम्याचा आतला भाग करडा असतो. त्यात काही बिघडलेले नसते. उलट ज्या पाकिटात मुद्दाम प्राणवायूचे प्रमाण बरेच वाढवलेले असते, त्यातील मांस लाल दिसते खरे, पण त्याच प्राणवायूमुळे त्यातील चरबीचे ऑक्सिडीकरण लवकर होते. यजमानांनी निवडलेला तुकडा त्यामुळे वाईट ठरत नाही. परंतु त्याच्या लाल रंगावरून सासऱ्यांच्या रक्तवाहिन्यांविषयी काहीही कळत नाही. ताजेपणासाठी पाकिटावरील तारीख, वास आणि पृष्ठभागावरचा चिकटपणा या खुणा अधिक भरवशाच्या आहेत.

चरबीच्या बाबतीत मात्र थोडे थांबून विचार करायला हवा, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. रम्पसारख्या तुकड्याच्या कडेला पांढरी पट्टी असते आणि ती पाहून अनेकजण तो तुकडा नाकारतात. पण ती पट्टी सुरीने सहज काढून टाकता येते आणि खाली राहते ते बरेचसे निव्वळ मांस असते. याउलट रिब-आयसारख्या तुकड्यात चरबी बारीक रेषांनी मांसभर पसरलेली असते आणि ती कोणत्याही सुरीने निघत नाही. याच रेषांमुळे मांस मऊ आणि रसाळ लागते, म्हणून ग्राहकाला ती चरबी दर्जाची खूण वाटते आणि अनेक देशांतील प्रतवारीही तिला वरचे स्थान देते. अमेरिकेतील 'प्राइम' ही सर्वांत वरची प्रत सर्वाधिक पसरलेल्या चरबीची असते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : ती प्रत चवीची असते, आरोग्याची नव्हे.

खिमा घेताना तर डोळ्यांवर मुळीच विसंबू नये. आपल्या दुकानात खिम्याच्या पाकिटावर ५, १२ किंवा २० टक्के चरबी असे आकडे दिसत असतील. हे आकडे वजनाचे असतात. २० टक्के चरबीचा १०० ग्रॅम कच्चा खिमा घेतला, तर त्यातील २० ग्रॅम चरबी सुमारे १८० कॅलरी देते, म्हणजे एकूण सुमारे २५० कॅलरींपैकी ७० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा केवळ चरबीतून येते. ब्रिटनमध्ये अनेक पाकिटांवर लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांची पोषणपट्टी असते. १०० ग्रॅममध्ये एकूण चरबी १७.५ ग्रॅमपेक्षा किंवा संपृक्त चरबी (पाकिटावर 'सॅच्युरेट्स') ५ ग्रॅमपेक्षा अधिक असली की तेथे लाल रंग येतो. सासऱ्यांसाठी संपृक्त चरबीची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण रक्तातील एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, प्रामुख्याने तिच्यामुळे वाढते. जास्त चरबीचा खिमा घरी आलाच, तर तो आधी कोरडा परतावा, सुटलेली चरबी ओतून द्यावी आणि मगच कांदा-मसाला घालावा. बरीच चरबी अशा रीतीने कमी होते.

आता आपल्या महागड्या पाकिटाविषयी. गवतावर वाढलेल्या जनावराच्या मांसात ओमेगा-३ मेदाम्लांचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे खरे आहे; पण ते मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतकेच असते आणि बांगड्यात किंवा तारलीत त्याच्या कितीतरी पट असते. शिवाय 'ग्रास-फेड' या शब्दांना ब्रिटनमध्ये कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. जनावरांची वाढ करण्यासाठी संप्रेरके देण्यास युरोपात १९८०च्या दशकापासून बंदी आहे आणि ब्रिटननेही ती कायम ठेवली आहे. म्हणून 'संप्रेरकविरहित' या दाव्यासाठी तेथील मांसाला जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. जनावरांचे कल्याण किंवा पर्यावरण यांसाठी आपण असे मांस घेत असाल तर ते अवश्य घ्यावे, त्यामागचा विचार मला आदरणीय वाटतो, परंतु सासऱ्यांच्या पथ्याचा भार त्यावर टाकू नये. मूळ देश पाहून निश्चिंत होण्याची सवयही अशीच आहे. मार्च १९९६ मध्ये गायींना होणाऱ्या बीएसई रोगाचा माणसांतील घातक मेंदूविकाराशी संबंध असल्याची शक्यता ब्रिटिश सरकारने मान्य केली आणि त्यानंतर जनावर कोठे जन्मले, वाढले आणि कापले गेले हे लिहिणे युरोपात बंधनकारक झाले. ती नोंद मोलाची आहे. ती मांसाचा माग सांगते, चरबी सांगत नाही.

माझ्या मते खरा निकष प्रमाणाचा आहे. जे रोज ९० ग्रॅमपेक्षा अधिक लाल किंवा प्रक्रिया केलेले मांस खातात, त्यांनी ते ७० ग्रॅमपर्यंत आणावे, असा ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. हे वजन शिजलेल्या मांसाचे असून ७० ग्रॅमसाठी साधारण १०० ग्रॅम कच्चे मांस लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, बेकन, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक गटात आणि साधे लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा तिचा अंदाज आहे. म्हणून कमी प्रक्रिया केलेले मांस बरे, ही ग्राहकांची सर्वसाधारण समजूत या ठिकाणी योग्यच ठरते. बीफमधून मिळणारे लोह, जस्त आणि बी-१२ जीवनसत्त्व मोलाचे असते आणि ते ५ टक्के चरबीच्या खिम्यातूनही तितकेच चांगले मिळते.

प्रश्न : महाराष्ट्रात आता आम्हाला म्हशीचेच मांस मिळते आणि ते काळपट दिसते. ते शिळे किंवा जड असते का?

उत्तर : राज्यात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळे आपल्याकडे म्हशीचेच मांस येते. त्याचा गडद रंग शिळेपणाचा नसून त्यातील अधिक मायोग्लोबिनचा आणि बहुतेकदा जनावराच्या वयाचा असतो. त्याची चरबी पांढरी असते आणि मांसाच्या आत ती तुलनेने कमी पसरलेली असते. म्हणून मांस घट्ट लागते, त्याला शिजायला वेळ लागतो, आणि लोक त्यालाच 'जड' म्हणतात. तरीही ते लाल मांसच आहे, त्यामुळे वर सांगितलेले प्रमाण त्यालाही लागू होते. खाटकाकडे चरबीचा आकडा लिहिलेला नसतो, म्हणून तयार खिमा घेण्याऐवजी मांडीचा तुकडा निवडावा, वरची चरबी काढून घ्यावी आणि मग तो आपल्यासमोर बारीक करून घ्यावा.