स्नायू, चेता आणि न्यूरॉन

प्रश्न असा आहे: 'एका हिंदी लेखात मेंदूविषयी लिहिताना "स्नायु तंत्र" म्हटलं होतं. आपल्याकडे तर स्नायू म्हणजे मसल. मग न्यूरॉनला मराठीत स्नायुपेशी म्हणायचं का? आणि ग्लियाला काय म्हणावं?'

न्यूरॉन म्हणजे मेंदूत संदेश वाहणारी पेशी; तिला चेतापेशी म्हणावं. मराठीत 'स्नायुपेशी' वाचली की दंड-पोटऱ्याच डोळ्यांपुढे येणार. तरीही हिंदी लेखकाचं चुकलेलं नाही, आणि मला या प्रश्नातला हाच भाग फार आवडला.

ग्रीक 'न्यूरॉन'चा जुना अर्थ कंडरा (मसलला हाडाशी बांधणारी दोरी, टेंडन), धनुष्याची दोरी. संस्कृत 'स्नायु'चाही तोच, कारण दोन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले आहेत. सुश्रुतसंहितेत शरीरात ९०० स्नायू सांगितलेत आणि सोबत एक सुरेख उपमा आहे: फळ्या पुष्कळ बंधांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यात भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार पेलतो. म्हणजे हे स्नायू बांधून ठेवणारे दोर आहेत. आता नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर कंडराही पांढरट, चिवट दोरी आणि नर्व्हही तशीच. ग्रीकांनी दोन्हींना एकच शब्द वापरला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलस या वैद्याने शवविच्छेदन करून त्या वेगळ्या ओळखल्या. आपणही 'नस दबली', 'शीर आखडली' म्हणताना कुठे फरक करतो? पुढे बंगालीत आणि काहीसा हिंदीत 'स्नायु' नर्व्हकडे गेला, मराठीत मसलकडे. 'पेशी'चंही तसंच: सुश्रुताच्या ५०० पेशी मांसाच्या, हिंदीत आजही 'मांसपेशी', मराठीत मात्र पेशी म्हणजे सेल.

न्यूरॉनसाठी 'मज्जापेशी'ही मी टाळतो, कारण अस्थिमज्जेशी घोटाळा होतो. 'चेता' हा शब्द 'चित्' धातूच्या कुळातला. चूल चेतवतो त्यातला 'चेतव'ही त्याच घरचा. ठिणगी पडावी तशी ही पेशी क्षणात चेतते आणि पुढच्या पेशीला चेतवते. इतका नेमका प्रतिशब्द क्वचित मिळतो.

पेशीला 'न्यूरॉन' हे नाव १८९१ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायरने दिलं. त्याआधी १८७३मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जीने मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवून एक रंगपद्धत काढली होती. तिची खुबी अशी की मोजक्याच पेशी रंग धरतात, पण ज्या धरतात त्या फांद्याफांद्यांसकट काळ्याभोर होऊन पिवळसर पार्श्वभूमीवर उठून दिसतात. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळा गोळा दिसला असता. हीच पद्धत सुधारून स्पेनच्या रामोन इ काहालने १८८८पासून दाखवलं की प्रत्येक पेशी सुटी आहे. गोल्जी मात्र सलग जाळंच मानत राहिला. दोघांना १९०६चं नोबेल एकत्र मिळालं, तेव्हाही त्याने भाषणात न्यूरॉनच्या सिद्धान्ताला विरोधच केला. सुट्या पेशीला सुटं नाव हवं होतं, म्हणून वाल्डायरचा शब्द टिकला.

आता ग्लिया, म्हणजे मेंदूत चेतापेशींच्या सोबतीने असणाऱ्या दुसऱ्या पेशी. हे ग्रीकमध्ये सरसाचं नाव, सुतार वापरतात तो सरस. जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्खोने १८५६मध्ये 'न्यूरोग्लिया' शब्द काढला आणि जर्मनमध्ये 'नेर्व्हनकिट' म्हटलं. किट म्हणजे खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी. फटी भरणारं काहीतरी, एवढंच त्याला वाटलं होतं. काही मराठी लेखनात दिसणारा 'आधारपेशी' हा शब्द त्याच समजुतीवर उभा आहे आणि मला तो अपुरा वाटतो. यातल्या काही पेशी चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिनचं वेष्टन चढवतात, त्यामुळे संदेश कितीतरी वेगाने धावतो. काही जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात. काही चेतापेशींभोवतीच्या क्षारांचा तोल राखतात. त्या चेतापेशींच्या दसपट असतात असंही अनेक ठिकाणी छापलेलं दिसतं. पण नव्या मोजणीत माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळपास तेवढ्याच ग्लिया आढळल्या. म्हणून मी 'ग्लिया पेशी' असंच लिहितो. ग्लायोमा हे गाठीचं नाव डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेल्या घरांना त्यातला ग्लिया ओळखता येतो, ही आणखी एक सोय.