मडकं, कुंभार आणि रात्रीचा सराफा

प्रश्न : आमच्याकडे रोज सकाळी पोहे खाताना हाच वाद. मुलगी अकरावीत आहे, बायोलॉजी घेतलंय, ती म्हणते शास्त्रज्ञांनी बाटलीत जीव बनवून दाखवलाय, देवबिव काही लागत नाही. सासरे म्हणतात कुंभाराशिवाय मडकं होत नाही, आणि पाश्चरनेच सिद्ध केलंय की जीव जीवापासूनच येतो, आपोआप होत असता तर आता का होत नाही? खरं कोणाचं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, आधी मुलीला सांगा, बाटलीत जीव झालेला नाही. 1952 मधे शिकागोत स्टॅनली मिलर या 22 वर्षांच्या पोराने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेत कोंडून विजेच्या ठिणग्या सोडल्या, आठवडाभरात पाणी लालसर झालं आणि त्यात अमिनो अ‍ॅसिड मिळाली. म्हणजे प्रोटीनच्या विटा. विटांचा ढीग पडला म्हणून राजवाडा उभा राहत नाही! पण या विटा बनायला कारागीर लागत नाही हे मात्र पक्कं, 1969 ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्का पडली तिच्यातही त्या निघाल्या.

आता नानांचं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं. पाश्चरने उकळलेलं सूप वाकड्या मानेच्या बाटलीत ठेवलं, त्यात जंतू झाले नाहीत, बरोबर. पण त्याने बाटली काही कोट्यवधी वर्षं ठेवली नव्हती, आणि सुरुवातीच्या पृथ्वीवर हवेत असे कच्चे पदार्थ मोडून टाकणारा ऑक्सिजन जवळपास नव्हताच. आणि आता का होत नाही, तर डार्विनने 1871 मधे एका पत्रात लिहिलंय की आज असं काही बनलं तर लगेच कोणीतरी गिळून टाकेल. रात्री सराफ्यात, आपल्या इंदूरच्या खाऊबाजारात, जलेबीचा तुकडा खाली पडला तर सकाळपर्यंत राहतो का? मुंग्या सोडतील तर ना. तेव्हा मुंग्याच नव्हत्या.

मडक्याचं उदाहरण मला आवडतं, पण मडक्याला पिल्लं होत नाहीत हो. स्वतःची नक्कल करणारी, त्यात थोड्या चुका करणारी एखादी गोष्ट एकदा मिळाली की पुढचं काम नैसर्गिक निवड करते, टिकेल ते राहतं. खरी अडचण त्या पहिल्या नकलेची. डीएनएला प्रोटीन लागतं, प्रोटीनला डीएनए, कोंबडी आधी की अंडं. 1980 नंतर कळलं की आरएनए, म्हणजे डीएनएचा भाऊबंद रेणू, दोन्ही कामं, माहिती साठवणं आणि रसायनं घडवणं, थोडीफार करतो, त्यासाठी थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन या शास्त्रज्ञांना 1989 चं नोबेल मिळालं. पण साध्या रसायनांपासून सुरू करून जिवंत पेशीपर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही.

ती मधली जागा रिकामी आहे म्हणून तिथे देव बसवणं मला पटत नाही, उद्या ती भरली तर नानांनी देवाला कुठे हलवायचं? आणि ती भरली तरी देव नाही असं मुलीला सिद्ध करता येणार नाही, हे रसायन असं का वागतं हे नाना विचारतीलच, आणि विचारू द्या, पोहे तेवढे गार होऊ देऊ नका.