पाळकीणबाईंनी कुणाजवळ बोलायचं?

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहून गेले होते की पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या पास्टरांच्या, बायकांनी आपल्यासारख्याच चारचौघींचा एखादा ग्रुप बघावा, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलंय. चार निवडलीत. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. आणि हो, मी स्वतः २६ वर्षं पाळकाची बायको आहे, त्यामुळे मी तटस्थ वगैरे अजिबात नाही.

प्रश्न : ताई, हे पाळक होऊन ११ वर्षं झाली. मध्यंतरी आमच्या दोघांचं बरंच बिनसलं होतं, तेव्हा मी मंडळीतल्या, म्हणजे आमच्याच चर्चच्या, एका जवळच्या बाईंना फक्त एवढंच म्हटलं की आमच्यासाठी प्रार्थना करा. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर तिघीजणी हात धरून विचारायला लागल्या, घरी सगळं बरं आहे ना? महिन्याभरात कमिटीतल्या एकांनी यांनाच गाठलं. तेव्हापासून मी तोंड शिवून घेतलंय. आता पाळकांच्या बायकांचा एक सपोर्ट ग्रुप आहे असं कळलंय, पण तिथं जाऊन बोलणं म्हणजे नवऱ्याची चुगलीच नाही का?

उत्तर : त्या बाईंनी मुद्दाम केलं नसेल हो. प्रार्थनेची विनंती हा मंडळीत बातमी फिरायचा सगळ्यात सोज्वळ मार्ग आहे, 'त्यांच्यासाठी जरा जास्त प्रार्थना करा हं' एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला निम्मं कळतं आणि उरलेलं तो मनानेच रचतो.

पण मूळ अडचण त्या बाई नाहीत, अडचण मांडणीत आहे. मंडळीतल्या दुसऱ्या कुणाचं घरी बिनसलं तर ती पाळकांकडे जाते. तुमचे पाळक तुमच्याच घरात आणि भांडणही त्यांच्याशीच, मग तुम्ही जायचं कुठे? शिवाय यांना नेमणारी कमिटी, तुमच्या मैत्रिणी, मुलांचे संडे स्कूलचे टीचर, कितीतरी ठिकाणी तर राहत्या घराची मालकीसुद्धा, सगळं त्या एकाच मंडळीत, म्हणजे एक शब्द सुटला की तो एकदम पाच ठिकाणी जाऊन पडतो. यात तुमचा विश्वास कमी पडला असं काही नाही.

आणि ही भीती आजची नाही. जर्मनीत प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरची बायको काथारिना फॉन बोरा, आधी नन होती, १५२५ मध्ये तिनं लूथरशी लग्न केलं, विटेनबर्गमधलं ते भलंमोठं घर, शेती, घरात राहणारे विद्यार्थी सगळं तीच बघायची. १५४६ मध्ये लूथर गेला, त्यानं मृत्युपत्रात सगळं तिच्या नावे केलं होतं, पण तिथल्या कायद्यात ते बसेना, मग हक्कासाठी तिला मोठ्या लोकांच्या दारात जावं लागलं. नवऱ्याच्या पदावर सगळं घर उभं असलं की बाई जपूनच बोलते, तेव्हाही आणि आताही. (बाय द वे, येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या सासूला ताप आला होता हे बायबलमध्ये मार्कनं नीट लिहून ठेवलंय, बायकोचं नाव मात्र चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, सापडणार नाही. म्हणजे आपली परंपरा बरीच जुनी!)

आता चुगलीचं. मी स्वतःपुरती एक रेघ आखून घेतलीय. 'ते असे आहेत, परवा ते असं बोलले, कमिटीत त्यांनी असं केलं' ही यांची गोष्ट, ती माझ्या हातात नाही. 'शनिवारी रात्री उपदेशाची तयारी चालू असली की मला घरात श्वास घ्यायची चोरी होते' ही माझी गोष्ट, ती मी सांगणार. सुरुवातीला ही रेघ दहा वेळा ओलांडली जाते, मग सवय होते. आणि ग्रुपला जाताय हे नवऱ्याला सांगून जा. जाताय एवढंच सांगायचं, तिथं काय बोललात ते नाही, आणि त्यांनीही विचारायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या. चोरून गेलात तर त्याचाच वेगळा ताण.

एकमेकींजवळ मन मोकळं करणं हे काही बाहेरून आलेलं फॅडही नाही. मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लीच्या लोकांचे 'बँड' असायचे, अगदी छोटे गट, पुरुषांचे वेगळे बायकांचे वेगळे, त्यातही लग्न झालेल्यांचे वेगळे, आठवड्यातून किमान एकदा भेटायचं आणि मनात खरंच काय चाललंय ते बोलायचं. त्यांचे नियम २५ डिसेंबर १७३८ चे आहेत आणि आधार बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा, ५:१६, एकमेकांजवळ कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. 'एकमेकांजवळ' आहे तिथं, सगळ्या मंडळीसमोर नाही.

फक्त जायच्या आधी विचारून घ्या की ग्रुप कोण चालवतं, कोण आलं काय बोललं याचा रिपोर्ट कुणाकडे जातो का, आणि तुमच्या नवऱ्याच्या बदलीवर ज्यांचा हात आहे अशा घरातलं कुणी त्यात आहे का. दुसऱ्या पंथाच्या बायका असलेला ग्रुप मिळाला तर सगळ्यात बरं. त्यांना तुमचे बिशप कोण, कमिटी कोण हे माहीतच नसतं, त्यामुळे त्या नवऱ्याच्या पदाकडे नाही, तुमच्याकडे बघतात.

प्रश्न : आम्ही सातजणींनी चार महिन्यांपूर्वी ग्रुप सुरू केला. पहिल्या दोन भेटी मस्त झाल्या, सगळ्या रडलो. मग बिशपसाहेबांच्या मिसेसना मानाने बोलावलं, त्या आता दर वेळी येतात, सुरुवातीला बायबलचं वचन, मग त्यांचं मार्गदर्शन, मग प्रार्थना की संपलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी वचनांचे फोटो. कुणी काही बोलतच नाही. काय चुकलं?

उत्तर : तुम्हाला माहितीये काय चुकलं, फक्त ते माझ्याकडून वदवून घ्यायचंय. ज्यांच्या घरातून तुमच्या नवऱ्यांच्या नेमणुका होतात त्यांच्यासमोर कोण म्हणेल की मला ही मंडळी सोडून पळून जावंसं वाटतं? त्या बाई कितीही प्रेमळ असू देत. खरं तर मला त्यांचीच जास्त दया येते, त्यांना तर वरती कुणीच नाही बोलायला. त्यांना प्रेमाने आणि स्पष्ट सांगा की हा ग्रुप फक्त मंडळीत काम करणाऱ्या पाळकांच्या बायकांचा ठेवायचाय, आणि त्यांना त्यांच्यासारख्या दुसऱ्या पंथातल्या बिशपच्या मिसेस शोधायला मदत करा. सांगताना जीभ अडखळेल. तरी सांगा.

दुसरं, मार्गदर्शन बंद. तुम्ही सगळ्या जन्मभर उपदेश ऐकणाऱ्याच आहात, अजून एक कशाला? मद्यपींच्या घरच्यांसाठीचं अल-अॅनॉन १९५१ मध्ये उभं राहिलं, लोइस विल्सन आणि अॅन बी. या दोघींनी उभं केलं, दोघी अशा नवऱ्यांच्या बायका. तिथं कुणी तज्ज्ञ समोर बसून शिकवत नाही, जिला तेच सोसावं लागलंय ती आपलं सांगते, आणि ऐकलेलं तिथंच ठेवायचं हा पाया. तेवढं उचला. दर वेळी वेगळीनं मीटिंग सांभाळायची, म्हणजे फक्त घड्याळ बघायचं आणि एकीचं बोलणं दुसरीनं तोडू द्यायचं नाही. विचारल्याशिवाय सल्ला नाही. 'अगं माझ्याकडे तर याहून वाईट' हे तर नाहीच नाही! प्रार्थना जरूर करा, पण जिच्यासाठी करायची तिला आधी विचारून, आणि तो विषय घरी घेऊन जायचा नाही. सात हा आकडा चांगला आहे, वाढवू नका, नवीन कुणी घ्यायची तर सगळ्यांचा होकार हवा.

व्हॉट्सअॅपवर फक्त वेळ आणि जागा. मनातलं एकही वाक्य तिथं टाईप करायचं नाही, स्क्रीनशॉटला गुप्ततेची शपथ कळत नाही. ऑनलाइन भेटत असाल तर हेडफोन लावा, पाळकाच्या घरी दार कधीही वाजतं आणि लोक थेट आत येतात हे मी तुम्हाला काय सांगू.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधल्या एकीनं सांगितलं की तिचा नवरा तिला मारतो. इथलं बाहेर जाणार नाही असं आम्ही ठरवलंय. दोन आठवडे मला झोप नाही.

उत्तर : तो नियम तिला जपायला आहे, त्याला जपायला नाही. तिच्याशी आजच एकटीनं बोला, फोनवर नको, समोर बसून. तिला विचारा की आत्ता घरी सुरक्षित आहेस का, मुलं आहेत का. पुढचं पाऊल तिनं ठरवायचं, तिच्या डोक्यावरून कुणाला कळवलंत तर तो तिच्यावरच राग काढेल हा धोका खरा असतो. पण घरगुती हिंसेची हेल्पलाइन, डॉक्टर, वकील यांची माहिती तिच्या हातात द्या आणि पहिल्यांदा जाताना सोबत जा. 'प्रार्थना कर, तो बदलेल' असं ग्रुपमधल्या कुणीही म्हणायचं नाही, आणि दोघांना एकत्र समोर बसवून समेट घडवायलाही जाऊ नका, मार चालू असताना ते फार धोक्याचं असतं. जीव धोक्यात असेल, कुणी जीव द्यायची भाषा करत असेल किंवा मुलांवर अत्याचार होत असेल तर गुप्तता संपली, मदत बोलवायचीच. हे अपवाद पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगून ठेवा, खरं तर ते पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. आणि तुमची झोप उडालीय, तर तुम्हीही एखाद्या समुपदेशकाशी बोला. मैत्रिणींचा ग्रुप खूप काही पेलतो, पण हे ओझं त्याच्या एकट्याचं नाही.

प्रश्न : माझी पत्नी पाळक आहे. सपोर्ट ग्रुपला फोन केला तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, 'आमच्यात सगळ्या बायकाच आहेत हो.' मी काय करू?

उत्तर : दादा, त्या बाईंचंही चूक नाही, काही गोष्टी बायका बायकांतच बोलतात. पण तुमची अडचणही खरी आहे. पाळकाच्या बायकोकडून लोकांच्या जरा जास्तच अपेक्षा असतात, पाळकाच्या नवऱ्याकडून काय अपेक्षा करायची हेच कुणाला ठरवता येत नाही, मग एक तर त्याला खुर्च्या उचलायला लावतात नाहीतर त्याच्याशी बोलायचं टाळतात. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बायकांना प्रीस्ट म्हणून पहिली दीक्षा १९९४ मध्ये मिळाली, म्हणजे तिथंही प्रीस्टचा नवरा हा प्राणी अजून तसा नवाच. पत्नीच्या ओळखीतल्या दुसऱ्या महिला पाळकांना विचारा, त्यांच्याही घरी कुणीतरी असाच गप्प बसलेला असेल. दोघंतिघं झालात तरी चालेल, लांब असाल तर महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करा. पहिला फोन तुम्हीच करा, पुरुष माणसं एकमेकांच्या फोनची वाट बघत बसतात.