'निधी नाही' म्हणाले तर विचारा: कुठल्या लेखाशीर्षात नाही?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: जत तालुक्यातल्या वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा. गेल्या वर्षी २५ हजार अनुदान आलं, यंदा १० हजारच. एका वर्गाचं छत गळतंय, दुरुस्ती मागितली तर 'निधी नाही' असं उत्तर. आणि पेपरात मात्र शिक्षणावर कोट्यवधींचा खर्च. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष म्हणून लोक तुम्हालाच विचारतात.

मी सांगली जिल्ह्यात पंचायत समितीच्या शिक्षण विभागात लेख्याच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. टेबलाच्या आतल्या बाजूनं जे दिसतं ते सांगतो.

आधी २५ चे १० कसे झाले ते. हे कुणी कापलेलं नसतं. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. म्हणजे तुमचा पट ३१ चा ३० झाला की एका पोरामागं १५ हजार गेले! तेव्हा मुख्याध्यापकांना यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या ऑनलाइन माहिती नोंदणीत, पट किती नोंदला ते विचारा, आणि तो हजेरीपटाशी ताडून बघा. एका शाळेत ऊसतोडीहून परतलेल्या दोन मुलांचा दाखला आला होता, पोरं वर्गात बसत होती, पण ऑनलाइन बदली स्वीकारायचीच राहिली होती. त्या दोन नावांनी शाळेचं त्या वर्षाचं अनुदान खालच्या टप्प्यावर आणलं. या १० हजारांतलाही किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालावा लागतो. उरलेल्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. छताचं नाव यातून काढूच नका.

आता पेपरातला मोठा आकडा. त्यातला बहुतेक पैसा शिक्षकांचा पगार आणि निवृत्तिवेतन. तो राज्य शासनाकडून येतो. पगाराचं बिल शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतून निघतं आणि पैसा थेट खात्यावर जातो. जिल्हा परिषद त्यातला रुपया उचलून तुमच्या छतावर घालू शकत नाही. आमच्याकडं एक साहेब म्हणायचे, 'एका लेखाशीर्षातला पैसा दुसऱ्याला चालत नाही, सासरचं माहेरी नेल्यासारखं होतं.' लेखाशीर्ष म्हणजे ठरलेल्या कामासाठीचं हिशेबातलं खातं. साहेबांचे बाकीचे विनोद सांगण्यासारखे नाहीत, पण हे बरोबर होतं.

जिल्हा परिषदेचा स्वतःचा म्हणून जो पैसा असतो, ज्याला आपण सगळे 'सेस' म्हणतो, तो त्यामानानं फार थोडा. त्यातलेही २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणाला, ५ टक्के दिव्यांगांसाठी आधीच बाजूला काढावे लागतात. राहिलेल्यावर बांधकाम, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन आणि शिक्षण अशा सगळ्यांचे डोळे. मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपल्यावर प्रशासक आले, तेव्हा तर गटातला सदस्य गाठून 'एवढं बसवा की' म्हणायची सोयही गेली होती.

तुमच्या छताचा पैसा आहे तो जिल्हा वार्षिक योजनेत. ती ठरते जिल्हा नियोजन समितीत, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली. वर्गखोल्यांचं बांधकाम आणि विशेष दुरुस्ती मुख्यतः तिथून होते. इथं दोन गोष्टी कुणी नीट समजावून सांगत नाही.

एक, दायित्व. या वर्षी मिळालेल्या निधीतून आधी मागच्या मंजूर कामांची बिलं भागवायची आणि मग नव्या कामांना जागा. त्यामुळं निधी आलेला असतो, तरी नव्या कामाला 'नाही' असं उत्तर मिळतं आणि ते खोटंही नसतं. दुसरी म्हणजे मुदत. नियोजनचा जो पैसा जिल्हा परिषदेकडं येतो तो खर्चायला त्यांना पुढच्या वर्षाचा मार्चही मिळतो. म्हणून '३१ मार्चला पैसे परत गेले' असं कुणी म्हणालं तर कोणत्या वर्षाचे ते विचारा. समग्र शिक्षाचं तसं नाही. २०२१ पासून तिथं शून्य शिल्लक खाती आली. शाळेला फक्त खर्चाची मर्यादा दिसते, आणि मार्चअखेर न वापरलेली मर्यादा निघून जाते. तुमचे १० हजार फेब्रुवारीतच खर्ची टाका. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही, हे कुणीही मुख्याध्यापक सांगेल.

प्रस्तावाचा प्रवास असा: समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग बांधकाम उपविभागाचा अभियंता येऊन अंदाजपत्रक करतो. तिथून शिक्षणाधिकारी प्राथमिक, आणि पुढं तांत्रिक व प्रशासकीय मान्यता. सगळ्यात जास्त दिवस अभियंत्याकडं जातात. एका अभियंत्याकडं शाळा, अंगणवाड्या, दवाखाने, रस्ते सगळंच असतं. जिल्हा योजनेच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव दिवाळीच्या आसपास चालू होते, तोवर अंदाजपत्रकासह प्रस्ताव वर पोचलेला हवा. साताऱ्यातल्या पाटण-जावळीकडं जूनमध्येच छत बोलायला लागतं, त्यांना चार महिने मिळतात. जतचा खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा. गळती दिसते तेव्हा वेळ संपत आलेली असते. म्हणून तुम्ही गेल्या पावसाचे फोटो लावून उन्हाळ्यातच ठराव घ्या.

ठरावाला वजन यावं म्हणून एक कागद आणखी जोडा, शाळा विकास आराखडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो तुमच्या समितीनं करायचा असतो, आणि शासनाच्या योजना व अनुदानाचा आधार तोच असावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत तो मागच्या वर्षीचा तारीख बदलून छापतात. तुमच्या आराखड्यात छताचा उल्लेख खोली क्रमांकासह आहे का ते बघा. अनुदानाच्या वापरावर देखरेख हेही कलम २१ प्रमाणे तुमचंच काम आहे, तेव्हा कीर्द (जमाखर्चाची वही) आणि पावत्या बघायला मागताना संकोच नको.

प्रस्ताव गेल्यावर तीन महिन्यांत हालचाल दिसली नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. 'निधी का दिला नाही' असं लिहू नका, 'का'ला उत्तर मिळत नाही. तालुक्याची शाळा दुरुस्तीची प्राधान्य यादी, त्यात आपल्या शाळेचा क्रमांक, आणि चालू वर्षी मंजूर कामांच्या आदेशाच्या प्रती, एवढंच मागा.

आणि एक, याची घाई करा. खोली फार जुनी असेल तर अभियंता दुरुस्तीऐवजी निर्लेखन, म्हणजे खोली वापरातून काढून टाकणं, सुचवेल. तसा अभिप्राय लेखी घ्या आणि त्या दिवसापासून पोरं त्या खोलीत बसवू नका, व्हरांड्यात बसवा, देवळात बसवा. निर्लेखन झालं की मागणी नव्या खोलीची होते आणि प्रस्ताव वेगळ्या यादीत जातो. पट ३० च्या आत असताना नवी खोली मिळवणं अवघड आहे, म्हणून आधी ती यू-डायसची नोंद तपासा. किती निघाला पट ते कळवा, मग पुढचं बघू.