आश्रयदात्याने मागावं काय?

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या पोथ्यांच्या कामाचा निधी विश्वस्तांनी तुझ्या हाती सोपवला, हे वाचून आनंद झाला. पण पत्राचा निम्मा भाग तू स्कॅनरच्या किमती, उद्घाटनाचे पाहुणे आणि फलकावरच्या नावांचा क्रम यातच खर्च केलास. कुठली पोथी, ती कोण वाचणार आणि कशासाठी, याचा पत्रात कुठे पत्ताच नाही. म्हणून आज तुझी एका आयरिश बिशपशी गाठ घालून देतो.

बाराव्या शतकाच्या मध्यावर किल्डेअरला फिन नावाचा बिशप होता. संत ब्रिगिडचा मठ जिथे होता, तेच हे किल्डेअर. तिथून पश्चिमेला लॉक डर्ग सरोवराच्या काठी टेरीग्लासचा मठ, आणि तिथला प्रमुख एद मॅक क्रिम्थन. हा एद एका भल्यामोठ्या हस्तलिखिताच्या मागे लागला होता. राजांच्या वंशावळी, गावांच्या नावांमागच्या आख्यायिका, वीरकथा, कविता, जे जुनं हाती लागेल ते त्यात येत होतं. आज त्याला ‘बुक ऑफ लेन्स्टर’ म्हणतात; लेन्स्टर हा आयर्लंडचा पूर्वेकडचा प्रांत. त्यात एदने स्वतःच नोंद केली आहे की हा ग्रंथ मी लिहिला आणि अनेक ग्रंथांतून गोळा केला. मदतीला इतर लेखनिकही होतेच. पोथीत एकाहून जास्त हस्ताक्षरं दिसतात.

याच पोथीत एका पानाच्या खालच्या समासात फिनने एदला लिहिलेलं पत्र आहे. जेमतेम काही ओळींचं. सुरुवातीला ‘आयुष्य आणि आरोग्य’ चिंतून फिन एदचा सगळा मान नावानिशी देतो: दक्षिण आयर्लंडच्या महाराजाचा विद्यागुरू, टेरीग्लासच्या संस्थापक संताच्या गादीचा वारस, लेन्स्टरचा मुख्य इतिहासकार. मग थेट काम सांगतो. ही जी छोटी गोष्ट आहे, तिचा शेवट मला लिहून दे. लगेच चार चरणांची कविता: चाणाक्ष एदा, मी तुझ्यापासून थोडा काळ दूर असो की फार काळ, तू माझ्या सोबत असावास हीच माझी इच्छा. आणि शेवटी आणखी एक मागणी. मॅक लोनानचा काव्यसंग्रह माझ्याकडे पाठव, म्हणजे त्यातल्या कवितांचा अर्थ आम्हाला लावता येईल. पुढे लॅटिनमध्ये ख्रिस्ताच्या नावाने निरोप, आणि पत्र संपलं.

मला हे पत्र फार आवडतं. मॅक लोनान हा नवव्या शतकातला कवी, म्हणजे फिनच्या काळीही तो अडीचशे वर्षं जुना आणि अवघड झालेला. बिशपला तो संग्रह कपाटाची शोभा म्हणून नको होता. कविता कळत नव्हत्या आणि कळून घ्यायच्या होत्या. ‘गोष्ट’ म्हणजे मुक्रमाच्या माळावरच्या लढाईची जुनी कथा. तिचा शेवट हवा असं तोच म्हणेल, ज्याने ती शेवटापर्यंतच्या पानांवर नजर ठेवून वाचली आहे.

तू विचारशील, ख्रिस्ती बिशपला ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे राजे, लढाया आणि जादूटोण्याच्या कथांशी काय देणंघेणं? तो संकोच तिथल्या लोकांनाही होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. याच पोथीत ‘टॉइन’ ही बैलावरून झालेल्या युद्धाची प्रसिद्ध कथा आहे. तिच्या शेवटी आयरिश भाषेत आशीर्वाद आहे: जो ही कथा अशीच्या अशी पाठ करील आणि तिला दुसरं रूप देणार नाही, त्याचं कल्याण होवो. त्याच्या लगोलग लॅटिनमध्ये लेखनिक म्हणतो, हा इतिहास, खरं तर ही दंतकथाच, मी लिहिली खरी, पण यातल्या कित्येक गोष्टींवर माझा विश्वास नाही. काही सैतानाच्या करामती, काही कवींच्या कल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. विश्वास नसतानाही त्याने अक्षर न् अक्षर उतरवलं. तुझ्या निधीतून काम करणाऱ्या अभ्यासकाला असं लिहायची मोकळीक दे. विश्वस्तांना न पटणारी टीप अहवालातून काढायला लावू नकोस.

राहता राहिला राजाश्रय. पत्रातला तो ‘महाराज’ म्हणजे बहुधा लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो. ११३२ साली याच्याच माणसांनी किल्डेअरवर हल्ला करून तिथल्या मठप्रमुख स्त्रीची विटंबना केली होती. ११६६ मध्ये त्याला देशाबाहेर हाकललं, तेव्हा पोथीच्या समासात कुणीतरी हळहळून लिहिलं: आज आयर्लंडमध्ये केवढी मोठी गोष्ट घडली, हाय हाय, देवा, आता मी काय करू? डर्मटने मदत मागितली आणि ११६९ मध्ये ब्रिटनमधून नॉर्मन सैन्य आयर्लंडात उतरलं. जुन्या मठांची विद्याही तेव्हा मागे पडत होती. ११४२ मध्ये मेलिफाँटला सिस्टर्शियन पंथाचा मठ उभा राहिला आणि युरोपातल्या पंथांचं वजन वाढत गेलं. फिन ११६० मध्येच वारला होता. पोथीचं काम मात्र पुढेही बरीच वर्षं चाललं, त्यामुळे ती पुरी झालेली त्याने पाहिली नाही. तुझं मंडळ तीन वर्षांत ‘प्रकल्पपूर्ती’ मागतं, तेव्हा हे तारखांसकट त्यांच्यापुढे ठेव.

आणि पैशाबद्दलही बोलू. वासराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, केस खरवडून एकेक पान तयार व्हायचं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आज या पोथीची १८७ पानं आहेत. आणखी दहा पानं फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंकडून युनिव्हर्सिटी कॉलेजकडे आली आहेत. बरीच हरवली. खर्च अफाटच होता, आणि तो कोणीतरी केलाच. पण आज त्या पानांवर बिशपने काय दिलं याचा हिशेब नाही. त्याने काय मागितलं तेवढं शिल्लक आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीआधी एक काम कर. ज्या बाईंना तू अनुदान देणार आहेस, त्यांच्याकडून पोथ्यांची यादी मागवून घे, त्यातली एक पोथी निवड आणि बसून वाच. न कळलेल्या जागा कागदावर टिपून ठेव. मग त्यांना पत्र लिही. त्यांचा मान पुरता दे, आणि कुठला भाग आधी हवा, का हवा, ते नेमकं सांग. मसुदा आधी मला पाठव. फलकाचं नंतर बघू.

तुझा,
काका