एकाच व्यक्तीला अनेक आजार: कोणता आकडा खरा?

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईला मधुमेह, उच्च रक्तदाब आणि संधिवात आहे. एकाहून अधिक दीर्घकालीन आजार असणाऱ्यांचे प्रमाण कधी वीस टक्के, तर कधी साठ टक्के असे वाचनात येते. कोणते खरे मानावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात. यादीत किती आजार धरले, कोणत्या वयाची माणसे मोजली आणि आजाराची नोंद कशी घेतली, यांवर हे प्रमाण ठरते. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील अभ्यासात सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या दवाखान्यांतील नोंदी ४० आजारांसाठी तपासल्या गेल्या. सर्व वयोगट मिळून २३.२ टक्के लोकांना दोन किंवा अधिक आजार होते. ६५ ते ८४ या वयोगटात मात्र हेच प्रमाण ६४.९ टक्के निघाले. मला त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, अत्यंत गरीब वस्त्यांमध्ये ही अवस्था सुखवस्तू भागांपेक्षा १० ते १५ वर्षे आधीच येत होती. म्हणजे हा केवळ म्हातारपणाचा प्रश्न नव्हे.

भारतात मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तीत बहुतेक आजारांची नोंद ‘हा आजार असल्याचे डॉक्टरांनी तुम्हाला कधी सांगितले आहे का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून झाली. ज्यांनी कधी रक्तातील साखर तपासलीच नाही, ते अशा मोजणीत निरोगी ठरतात. केरळचे आकडे जास्त दिसतात, त्याला तेथील लोकसंख्येचे वाढते वय जसे कारणीभूत आहे, तसेच निदानाची चांगली सोयही आहे. त्यामुळे जेथे दवाखाना दूर आहे तेथील कमी आकडा हा आरोग्याचा पुरावा समजणे मला धोक्याचे वाटते.

आपल्या आईंच्या बाबतीत टक्केवारीपेक्षा औषधांचा परस्परसंबंध महत्त्वाचा आहे. संधिवातासाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि मधुमेहामुळे ते आधीच नाजूक झालेले असू शकते. निरनिराळ्या डॉक्टरांची औषधे चालू असल्यास सर्व चिठ्ठ्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही एकाच फॅमिली डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. त्यांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध बंद करू नये.