सेकंडहँड चेनसॉ घेताना काय बघायचं? बंद पडलेला घेऊन घरी दुरुस्त होतो का?

तुमच्यासमोर दोन मशीन आहेत, एक चालू पण महाग आणि दुसरं "स्टार्ट होत नाही" म्हणून स्वस्तात, आणि कोणतं घेऊ असं विचारलंय. मी जुनी मशीन घेऊन दुरुस्त करत असतो, माझं ऐकाल तर पैसे द्यायच्या आधी दोन्हीचा पिस्टन बघा. पिस्टन चांगला असेल तर मी बंद मशीन बिनधास्त घेतो, कारण वर्षभर नुसतं पडून असलेलं मशीन सुरू होत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा टाकीत राहिलेलं शिळं पेट्रोल असतं, त्याचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये बसतो, आतला डायफ्राम (पातळ लवचिक पडदा) कडक होतो, पेट्रोलची नळी तडकते, आणि हे सगळं कमी खर्चात होणारं काम आहे.

पिस्टन बघायला इंजिन खोलावं लागत नाही. सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढा, आत भोकातून टॉर्च मारा आणि दोरी हळूहळू ओढत पिस्टन वरखाली करून बघा. गुळगुळीत असेल तर उत्तम, बारीक एखादी रेघ चालून जाते, पण उभे खोल ओरखडे दिसले तर मशीन सुरू होत असलं तरी सोडून द्या. विकणारा सायलेन्सर काढू देत नसेल तर माझ्या मते तेच उत्तर समजा.

दुसरी साधी टेस्ट म्हणजे स्विच बंद ठेवून मशीन दोरीच्या मुठीला धरून लटकवायचं. वजनाने थांबत थांबत खाली आलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे, सरसर खाली आलं तर नाही (सुरू करायला सोपं जावं म्हणून हा दाब कमी करणारं डिकॉम्प्रेशन बटण असेल तर ते दाबलेलं नाही ना ते बघा, नाहीतर उगाच चांगलं मशीन नाकाराल). कॉम्प्रेशन मोजायचं गेज असेल तर थंड इंजिनवर 150 पीएसआयच्या आसपास छान, 120 च्या खाली मी हात लावत नाही.

चालू मशीन बघायला जाल तेव्हा आधी हात लावून इंजिन थंड आहे ना ते बघा, कारण गरम करून ठेवलेलं मशीन कोणाचंही पटकन सुरू होतं. मग आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) चेन फिरता कामा नये, फिरत असेल तर एकतर आयडल जास्त ठेवलंय नाहीतर क्लचची स्प्रिंग गेलीय. आता सगळ्यात महत्त्वाचं, रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येतो का? वरच रेंगाळत असेल किंवा मशीन आडवंतिडवं केल्यावर आयडल बदलत असेल तर कुठूनतरी हवा खेचतंय, बऱ्याचदा क्रँकचे सील (इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी रिंगा) गेलेले असतात. हे लोक दुर्लक्ष करतात आणि नवीन पिस्टन टाकून मोकळे होतात, पण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं, म्हणजे हवा जास्त झाली की ऑइलही कमी पडतं आणि तो नवा पिस्टनही सीझ (जाम) होतो. त्यामुळे आधी कारण शोधायचं, मगच पार्ट टाकायचा.

चेन ब्रेक (चेन झटक्यात थांबवणारा ब्रेक) लागत नसेल तर तो नीट होईपर्यंत एक फांदीसुद्धा कापू नका, किकबॅक आला, म्हणजे मशीन झटक्यात तुमच्या अंगाकडे उसळलं, तर त्याचाच मोठा आधार असतो. बारच्या (चेन ज्यावर फिरते त्या पट्टीच्या) ऑइलसाठी टोक कोऱ्या कागदासमोर धरून रेस द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे.

बंद मशीन घेतलंत तर जुनं पेट्रोल ओतून टाका, टाकीतला फिल्टर आणि नळी बदला, नवीन प्लग टाका (गॅप साधारण 0.5 मिमी), मग कार्बोरेटर किट. खोलताना प्रत्येक पायरीला फोटो काढा, गॅस्केट आणि डायफ्राम उलटसुलट लागले की डोकं फिरतं. क्लच काढायचा असेल तर त्याचे आटे बहुतेक मशीनमध्ये उलटे असतात, आणि इंजिन अडवायला प्लगच्या भोकातून जाड दोरी सारायची, स्क्रूड्रायव्हर नाही, पिस्टनला भोक पडेल. दोरी घालायच्या आधी पिस्टन एक्झॉस्टच्या भोकाच्या वर गेलाय ना ते बघा, नाहीतर दोरी भोकात अडकून कापली जाते.

पेट्रोलमध्ये चांगलं टू-टी ऑइल 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, मात्र मशीनवर 25:1 लिहिलं असेल तर 40 मिलीच घाला.

आणि कापताना बारीक भुसा पडत असेल तर इंजिनला दोष देऊ नका, चेनला धार नाहीये. गोल कानस चेनच्या मापाची घ्या, .325 पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं इंचातलं माप) 4.8 मिमी आणि 3/8 लो-प्रोफाइलला 4 मिमी, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारा नाहीतर कट एका बाजूला ओढतो.